ट्यूबिंगेन विद्यापीठातील प्रॉटेस्टंट धर्मविद्येचे अध्यापन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातील धर्मसुधारणा, केप्लर किंवा हेगेल यांच्याविषयी मराठीत काही लिहिले की ट्यूबिंगेनचे नाव येतेच, आणि त्यापाठोपाठ वाचकांचे ठरावीक प्रश्नही येतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दोन प्रश्नांचा विषय एकमेकांत मिसळतो तेथे पुनरुक्ती न करता दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ‘धर्मविद्या’ हा शब्द सर्वत्र थिऑलॉजी या अर्थाने वापरला आहे.

१. ट्यूबिंगेन नेमके कोठे आहे, आणि एवढ्या विद्यापीठांतून याच विद्यापीठाची चर्चा का होते?

ट्यूबिंगेन हे नैर्ऋत्य जर्मनीत, श्टुटगार्टच्या दक्षिणेला, नेकार नदीच्या काठी वसलेले छोटे शहर आहे. तेथील विद्यापीठ व्युर्टेम्बर्ग या तेव्हाच्या राज्याचा काउंट एबरहार्ट याने १४७७ मध्ये स्थापन केले. प्रॉटेस्टंट धर्मविद्येच्या इतिहासात इतर विद्यापीठांचेही स्थान मोठे आहे : विटेनबर्ग येथून ल्यूथरची चळवळ सुरू झाली, हाले येथून मिशनरी बाहेर पडले, आणि १८१० मध्ये सुरू झालेल्या बर्लिन विद्यापीठात श्लायरमाखरने या विषयाची आधुनिक मांडणी केली. ट्यूबिंगेनचे वेगळेपण असे की एका लहानशा राज्याला पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, पुरवण्यासाठी उभारलेली व्यवस्था तेथे जवळजवळ पाच शतके अखंड चालू राहिली, आणि त्याच व्यवस्थेतून चर्चला सर्वांत अवघड प्रश्न विचारणारी माणसेही निघाली. हा निव्वळ योगायोग होता असे मला वाटत नाही. पाळक घडवण्यासाठी मुलांना जी भाषांची आणि वादविवादाची कसून तयारी दिली जाई, तीच तयारी शंका घेण्यासही पुरेशी होती. पुढील बहुतेक उत्तरांत हे दिसेल.

२. विद्यापीठ १४७७ चे आणि धर्मसुधारणा १५१७ ची. मग ते आधी कॅथलिक होते का?

होय. पहिली सुमारे साठ वर्षे ते रोमच्या पोपच्या मान्यतेने चालणारे विद्यापीठ होते आणि तेथील धर्मविद्या मध्ययुगीन पद्धतीची होती. गाब्रिएल बील हा तेथील सर्वांत नावाजलेला अध्यापक. ल्यूथर विद्यार्थिदशेत बीलचे ग्रंथ वाचून तयार झाला आणि पुढे १५१७ मध्ये, प्रसिद्ध ९५ प्रबंधांच्या आधी काही आठवडे, त्याने ज्या विद्वत्परंपरेवर हल्ला चढवला तिच्यात बील अग्रभागी होता. ल्यूथरचा उजवा हात समजला जाणारा मेलांख्टन हाही १५१२ ते १५१८ या काळात ट्यूबिंगेनमध्येच होता आणि तेथूनच तो ग्रीक शिकवायला विटेनबर्गला गेला.

विद्यापीठ प्रॉटेस्टंट झाले ते मात्र तेथील विद्वानांच्या मतपरिवर्तनाने नव्हे, तर ड्यूकच्या हुकमाने. हद्दपार झालेला ड्यूक उल्‌रिख १५३४ मध्ये राज्य परत मिळवून आला आणि त्याने धर्मसुधारणा लागू केली. आम्ब्रोसिउस ब्लारर आणि सिमोन ग्रिनेउस यांना विद्यापीठाची फेररचना करण्यासाठी आणले गेले, नंतर योआखिम कामेरारिउस आणि योहानेस ब्रेंत्स यांचीही मदत घेतली गेली. जुन्या प्राध्यापकांनी शक्य तितका विरोध केला. कुलपती आम्ब्रोसिउस विडमान तर जवळच्याच, पण ऑस्ट्रियाच्या सत्तेखाली असलेल्या रॉटेनबुर्गला निघून गेला, आणि पदव्या देण्याचा अधिकार कुलपतीच्या पदाला जोडलेला असल्याने विद्यापीठाची काही काळ चांगलीच पंचाईत झाली.

३. ‘श्टिफ्ट’ म्हणजे काय? ते वसतिगृह, सेमिनरी की विद्यापीठाचा विभाग?

या विषयावरील निम्मे गैरसमज येथूनच सुरू होतात. श्टिफ्ट हे शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे निवासी विद्यालय आहे. ते ड्यूक उल्‌रिखने १५३६ मध्ये सुरू केले आणि १५४७ पासून ते ऑगस्टिनियन संन्याशांच्या रिकाम्या झालेल्या मठात आहे. व्याख्याने विद्यापीठात होत, पदवी विद्यापीठ देई. राहणे, जेवणे, अभ्यासाची उजळणी आणि शिस्त मात्र श्टिफ्टची.

करार सरळ होता. राज्य मुलाचा सगळा खर्च उचलणार आणि मुलगा त्या बदल्यात राज्याच्या चर्चमध्ये किंवा शाळांत सेवा करणार. तो मध्येच दुसरीकडे गेला तर त्याच्याकडून खर्च वसूल करण्याची तरतूद होती, आणि परराज्यात नोकरी धरायची झाल्यास परवानगी घ्यावी लागे.

आतील व्यवस्थेत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे गुणानुक्रम. प्रत्येक तुकडीतील विद्यार्थ्यांची वरपासून खालपर्यंत यादी लागे, ती ठरावीक काळाने बदले, आणि आपला क्रमांक एकाने घसरला तरी मुलाला ते झोंबे. दुसरी गोष्ट म्हणजे ‘रेपेटेंट’ हे पद. नुकतीच परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेले तरुण काही वर्षांसाठी श्टिफ्टमध्ये परत बोलावले जात. ते विद्यार्थ्यांकडून व्याख्यानांची उजळणी करून घेत, निबंध तपासत आणि स्वतःही शिकवत. प्राध्यापक साठीचे असले तरी रेपेटेंट पंचविशीचे असत, त्यामुळे नवे विचार बहुधा याच वाटेने आत येत. प्रश्न ११ मधील सगळे प्रकरण एका रेपेटेंटचे आहे.

श्टिफ्ट आजही त्याच वास्तूत चालू आहे आणि ते व्युर्टेम्बर्गच्या प्रॉटेस्टंट चर्चचे आहे, तर विद्याशाखा सरकारी विद्यापीठाची आहे. दोन्ही संस्था शेजारी असल्या तरी एक नव्हेत.

४. खेड्यातील साधारण घरचा मुलगा तेथे पोहोचत कसा असे?

परीक्षा देऊन. १५५६ मध्ये ड्यूक क्रिस्टोफने राज्यातील मठांच्या शाळा केल्या. माउलब्रॉन, ब्लाउबॉयरेन, बेबेनहाउझेन, डेंकेनडॉर्फ ही त्यांतील काही नावे. राज्यभरातील हुशार मुले एका सामाईक परीक्षेला बसत, निवडलेली मुले या मठशाळांत जात आणि तेथून श्टिफ्टमध्ये. १५५९ च्या मोठ्या चर्च-अध्यादेशाने ही साखळी पक्की केली. एका गरीब सैनिकाचा मुलगा असलेला केप्लर याच वाटेने आला. व्यवहारात मात्र पाळकांच्याच घरातील मुले मोठ्या संख्येने असत, कारण लहानपणापासून लॅटिन घोटून घेणारे वडील त्यांना घरीच मिळत. त्यामुळे काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या पाळकी आणि प्राध्यापकी चालू राहिली.

सगळ्यांना ही वाट मानवली असे नाही. लेखक हेरमान हेसे माउलब्रॉनमधून १८९२ मध्ये पळून गेला. पुढे तो ट्यूबिंगेनला आला तो पुस्तकांच्या दुकानात उमेदवारी करायला.

५. सोळाव्या-सतराव्या शतकात वर्गात प्रत्यक्ष काय शिकवत?

आरंभीची दोन वर्षे कला विद्याशाखेत जात. तेथे लॅटिन, ग्रीक, तर्कशास्त्र, वक्तृत्व, गणित आणि खगोल शिकून मास्टर पदवी मिळवायची आणि मगच तीन वर्षांचा धर्मविद्येचा अभ्यास सुरू करायचा. त्यात मूळ हिब्रू आणि ग्रीक बायबलचे वाचन, सिद्धान्तांची क्रमवार मांडणी आणि जाहीर वादसभा यांचा समावेश असे. वादसभेत प्राध्यापकाने छापलेले मुद्दे विद्यार्थ्याने सर्वांसमोर लॅटिनमधून लढवायचे आणि विरोधकांचे आक्षेप एकेक करून खोडायचे. याकोब हेरब्रांट याचे १५७३ मध्ये प्रसिद्ध झालेले सिद्धान्तांचे पाठ्यपुस्तक प्रश्नोत्तररूप होते आणि ते बराच काळ वापरात राहिले.

चौकट मात्र घट्ट होती. ट्यूबिंगेनचा कुलपती याकोब आंद्रे हा १५७७ च्या ‘फॉर्म्युला ऑफ काँकॉर्ड’ या ल्यूथरपंथीय मसुद्याचा एक प्रमुख कर्ता होता. ल्यूथरपंथीयांतील आपापसांतील भांडणे मिटवण्यासाठी तो केला गेला; व्युर्टेम्बर्गमध्ये पाळकाने आणि प्राध्यापकाने त्यावर सही करणे अपेक्षित असे. ही सही न केल्याचे परिणाम पुढील उत्तरात आहेत.

६. केप्लर खगोलशास्त्रज्ञ असताना त्याचे नाव धर्मविद्येच्या इतिहासात कशासाठी?

कारण तो पाळक व्हायला आला होता. आडेलबेर्ग आणि माउलब्रॉन येथील मठशाळा करून तो १५८९ मध्ये ट्यूबिंगेनला आला, १५९१ मध्ये मास्टर झाला आणि धर्मविद्येच्या वर्गात बसू लागला. कोपर्निकसचा सूर्यकेंद्री सिद्धान्त त्याला समजावला तो गणिताचा प्राध्यापक मिखाएल मेस्टलीन याने. धर्मविद्येचा अभ्यास संपत आलेला असताना, १५९४ मध्ये, ऑस्ट्रियातील ग्राट्स येथील प्रॉटेस्टंट शाळेने विद्यापीठाकडे गणिताचा शिक्षक मागितला आणि विद्यापीठाने केप्लरचे नाव सुचवले. त्याला पाळकाचे आयुष्य हवे होते, पण तो गेला.

नंतरची हकिगत अधिक बोलकी आहे. १५९६ च्या त्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथाची छपाई ट्यूबिंगेनमध्येच मेस्टलीनच्या देखरेखीखाली झाली. त्यात बायबल आणि सूर्यकेंद्री मत यांचा मेळ घालणारे प्रकरण घालण्याचा केप्लरचा विचार होता. ते वगळावे, गणितज्ञाने गणितापुरते बोलावे, असा सल्ला धर्मविद्येचा प्राध्यापक माथिआस हाफेनरेफर याने दिला आणि केप्लरने तो मानला. खरी ठिणगी पडली ती खगोलावरून नव्हे, तर प्रभुभोजनावरून, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या ख्रिस्ती विधीवरून. ख्रिस्ताचे शरीर सर्वत्र उपस्थित असते हे फॉर्म्युला ऑफ काँकॉर्डमधील प्रतिपादन केप्लरला पटत नव्हते, आणि त्यामुळे तो बिनशर्त सही करीना. १६१२ मध्ये लिंत्स येथील पाळक डानिएल हिट्‌स्लर, जो स्वतः व्युर्टेम्बर्गचाच होता, याने त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवले. केप्लरने श्टुटगार्टच्या चर्च-अधिकाऱ्यांकडे आणि पुढे आपला मित्र हाफेनरेफर याच्याकडे दाद मागितली; १६१९ मध्ये हाफेनरेफरनेही निर्णय कायम ठेवला. ज्या विद्यापीठाने त्याला घडवले तेथे प्राध्यापक म्हणून परतण्याची त्याची इच्छा कधीच पुरी झाली नाही.

७. ट्यूबिंगेनच्या प्राध्यापकांनी कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कला (पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रमुखाला) ल्यूथरपंथी करण्याचा प्रयत्न केला होता, हे खरे का?

पत्रव्यवहार खरा आहे. हॅब्सबर्ग वकिलातीचा धर्मोपदेशक म्हणून ट्यूबिंगेनचा श्टेफान गेरलाख १५७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला गेला आणि त्याच्यामार्फत याकोब आंद्रे व ग्रीकचा प्राध्यापक मार्टिन क्रुसिउस यांनी पॅट्रिआर्क दुसरा जेरेमियास याच्याशी पत्रे सुरू केली. सोबत ल्यूथरपंथीयांच्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाचा, म्हणजे त्यांच्या श्रद्धेच्या अधिकृत निवेदनाचा, ग्रीक अनुवाद पाठवला होता. रोमला न मानणारे दोन पक्ष एकमेकांना ओळखतील अशी त्यांची आशा होती. पॅट्रिआर्कने सविस्तर आणि सभ्य उत्तरे दिली, पण मुद्दे मान्य केले नाहीत, आणि १५८१ मध्ये यापुढे सिद्धान्तांविषयी लिहू नये, मैत्रीखातर अवश्य लिहावे, असे कळवून तो विषय संपवला.

८. पायटिझमचा, म्हणजे भक्तिप्रधान चळवळीचा, ट्यूबिंगेनवर परिणाम झाला का?

पुष्कळ झाला, पण तो विद्यापीठातील अध्यासनांपेक्षा मठशाळांतून झाला. योहान आल्ब्रेख्ट बेंगेल ट्यूबिंगेनमध्ये शिकला आणि १७१३ पासून जवळजवळ तीन दशके त्याने डेंकेनडॉर्फच्या मठशाळेत मुलांना शिकवले. त्याचे विद्यार्थी नंतर राज्यभर पाळक झाले. १७३४ मध्ये त्याने नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागाची, ग्रीक संहिता हस्तलिखिते ताडून प्रसिद्ध केली. दोन पाठांपैकी अवघड पाठ बहुधा मूळचा, कारण नकलाकार अवघडाचे सोपे करतो, उलट करत नाही, हा त्याचा निकष आजही संहितासंपादनात वापरला जातो. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहणाऱ्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. हाच बेंगेल बायबलमधील प्रकटीकरणाच्या पुस्तकावरून हिशेब मांडून १८३६ हे साल ख्रिस्ताच्या राज्याच्या आरंभाचे ठरवत होता, हेही नमूद करायला हवे.

९. तत्त्वज्ञ हेगेल व शेलिंग आणि कवी हॉल्डरलिन खरोखरच एका खोलीत राहत होते का?

होय, श्टिफ्टमध्ये काही काळ ते एका खोलीत होते. हेगेल आणि हॉल्डरलिन १७८८ मध्ये आले, तर शेलिंग १७९० मध्ये, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी. फ्रेंच राज्यक्रांतीची वार्ता ताजी होती, तत्त्वज्ञ कांटचे ग्रंथ हातोहात फिरत होते, आणि वर्गात गोटलोब क्रिस्टिआन श्टोर त्याच कांटचा आधार घेऊन जुने सिद्धान्त सावरून धरत होता. या तिघांना नेमके तेच पटेना. त्यांनी क्रांतीच्या सन्मानार्थ स्वातंत्र्याचे झाड लावले ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. तिला आधार नाही, ती आख्यायिका समजावी.

तिघांपैकी एकही पाळक झाला नाही. हेगेल आणि हॉल्डरलिन यांनी १७९३ मध्ये परीक्षा देऊन श्रीमंत घरांत खासगी शिक्षकाची नोकरी धरली; चर्चची सेवा टाळण्याचा तो त्या काळचा रुळलेला मार्ग होता. हॉल्डरलिन मात्र मन आजारी झाल्यावर ट्यूबिंगेनला परतला आणि १८०७ ते १८४३ अशी छत्तीस वर्षे नेकारकाठच्या मनोऱ्यात, श्टिफ्टपासून हाकेच्या अंतरावर राहिला.

१०. ‘ट्यूबिंगेन स्कूल’ असे पुस्तकांत येते. ते कोणते? प्रत्येक ठिकाणी वेगळी नावे दिसतात.

कारण त्या नावाचे निदान तीन संप्रदाय आहेत. ‘जुना’ संप्रदाय प्रश्न ९ मधील श्टोरचा. बायबलमधील चमत्कार आणि साक्षात्कार यांचे तो बुद्धिवादी टीकेपासून रक्षण करत होता. दुसरा कॅथलिक संप्रदाय, त्याची माहिती प्रश्न १२ मध्ये आहे. पण विशेषण न लावता ‘ट्यूबिंगेन स्कूल’ म्हटले की सहसा फर्डिनांड क्रिस्टिआन बाउर आणि त्याचे शिष्य अभिप्रेत असतात.

बाउर हा श्टिफ्टचाच विद्यार्थी. ब्लाउबॉयरेनच्या मठशाळेत नऊ वर्षे शिकवून तो १८२६ मध्ये प्राध्यापक झाला आणि १८६० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिला. नव्या करारातील प्रत्येक लेखनाला त्याने एकच प्रश्न विचारला : हे कोणत्या वादात, कोणत्या बाजूने लिहिले गेले? करिंथ येथील मंडळीतील गटांवर त्याने १८३१ मध्ये लिहिलेल्या लेखात उत्तराचा गाभा आहे. आरंभीच्या ख्रिस्ती समाजात यहुदी नियम पाळू पाहणारा पेत्राचा पक्ष आणि ते बंधन झुगारणारा पौलाचा पक्ष असे दोन तट होते, आणि पुढचे कॅथलिक चर्च हा त्या दोघांतील समेट होय, असे त्याने मांडले. या मोजपट्टीने त्याने पौलाच्या नावावरील पत्रांपैकी गलतीकर, करिंथकरांस दोन आणि रोमकर एवढी चारच निःसंशय पौलाची मानली, तर योहानाचे शुभवर्तमान (बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एक) थेट दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात नेले.

त्याच्या या तारखा आज कोणी मानत नाही. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दुसऱ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या पपायरसच्या एका चिठोऱ्यावर योहानाच्या शुभवर्तमानाच्या ओळी सापडल्या, तेव्हा त्याच्या कालगणनेला जोरदार धक्का बसला. मत, विरोधी मत आणि त्यांचा समन्वय या हेगेलच्या द्वंद्वाच्या साच्यात त्याने इतिहास कोंबला, हा आक्षेपही जुनाच आहे. मला तो अर्धाच खरा वाटतो, कारण १८३१ च्या लेखातील निरीक्षणे हेगेलशिवायही उभी राहतात. टिकून राहिला तो त्याचा प्रश्न. नव्या करारावरचे कोणतेही गंभीर भाष्य आता त्या प्रश्नाला वळसा घालून जाऊ शकत नाही.

बाउर हा शेवटपर्यंत गावातील श्टिफ्ट्सकिर्ख या चर्चमध्ये प्रवचनेही देत असे. त्याचे पद सुरक्षित राहिले, पण त्याच्या शिष्यांच्या वाट्याला धर्मविद्येतील जागा फारशा आल्या नाहीत : एडुआर्ट त्सेलर तत्त्वज्ञानाकडे वळला, आल्बर्ट श्वेग्लर रोमच्या इतिहासाकडे.

११. श्ट्राउसला विद्यापीठातून काढून टाकले होते का?

तपशील थोडा वेगळा आहे. डाविड फ्रीड्रिख श्ट्राउस हा प्राध्यापक नव्हता. तो श्टिफ्टमधील रेपेटेंट होता (हे पद काय असते ते प्रश्न ३ मध्ये आहे) आणि हेगेलच्या तत्त्वज्ञानावरील त्याच्या व्याख्यानांना खूप गर्दी होई. १८३५ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने येशूच्या चरित्राची चिकित्सा करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. चमत्कारकथा म्हणजे लबाडी नव्हे आणि नैसर्गिक घटनांचे चुकीचे वर्णनही नव्हे, तर जुन्या करारातील अपेक्षांतून समाजाच्या मनात नकळत तयार झालेल्या मिथककथा होत, असे त्याचे म्हणणे होते. श्रद्धावान आणि बुद्धिवादी असे दोन्ही पक्ष एकाच वेळी दुखावले गेले. त्याला रेपेटेंट पदावरून दूर करून लुडविग्सबुर्गच्या शाळेत शिक्षक म्हणून पाठवण्यात आले.

खरा दरवाजा बंद झाला तो १८३९ मध्ये झुरिचला. तेथील उदारमतवादी सरकारने त्याला प्राध्यापक नेमले, लोकांनी इतका गदारोळ केला की रुजू होण्यापूर्वीच त्याला निवृत्तिवेतन देऊन मोकळे करावे लागले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते सरकारही उठावात कोसळले. श्ट्राउसला पुन्हा कोठेही अध्यासन मिळाले नाही.

१२. एकाच विद्यापीठात प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन विद्याशाखा कशा? पोप बेनेडिक्ट कोणत्या शाखेत शिकवत?

नेपोलियनच्या काळातील उलथापालथीत व्युर्टेम्बर्गला मोठा कॅथलिक प्रदेश मिळाला. नव्या प्रजेच्या धर्मगुरूंसाठी १८१२ मध्ये एल्वांगेन येथे वेगळी संस्था काढली गेली आणि १८१७ मध्ये ती ट्यूबिंगेनला आणून विद्यापीठाची कॅथलिक विद्याशाखा केली गेली. द्राय आणि म्योलर हे तिचे प्रारंभीचे नामवंत अध्यापक. तिचे त्रैमासिक १८१९ पासून निघते. योझेफ रात्सिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, १९६६ ते १९६९ या काळात याच कॅथलिक शाखेत होते. तेव्हा शेजारच्या प्रॉटेस्टंट शाखेत एर्न्स्ट केझेमान आणि युर्गेन मोल्टमान शिकवत होते. मोल्टमान १९६७ पासून १९९४ पर्यंत तेथे होता; आशेच्या धर्मविद्येवरचा ज्या ग्रंथाने तो जगभर गाजला तो मात्र १९६४ चा, म्हणजे ट्यूबिंगेनला येण्यापूर्वीचा.

१३. नाझी काळात या विद्याशाखेने काय केले?

अभिमानाने सांगावे असे फारसे नाही. नव्या कराराचा प्राध्यापक गेरहार्ट किटेल १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला, त्याच वर्षी यहुद्यांना नागरिक न मानता पाहुण्यांचा दर्जा द्यावा असे सुचवणारे व्याख्यान त्याने ट्यूबिंगेनमध्ये दिले व ते छापले, आणि पुढे नाझी राजवटीच्या इतिहाससंस्थेसाठी लिहीत राहिला. याच किटेलने नव्या कराराच्या ग्रीक शब्दांच्या बहुखंडी कोशाचे संपादन सुरू केले, जो आजही जगभरच्या सेमिनरींच्या कपाटांत असतो आणि आपल्याकडील ग्रंथालयांतही सापडतो. १९४५ मध्ये फ्रेंच लष्कराने त्याला अटक केली. १९४८ मध्ये तो मरण पावला. तो यहुदी धर्माचा गाढा अभ्यासक होता, त्यामुळे त्याला अजाणतेपणाचा फायदा देता येत नाही. त्याच्या कोशातील यहुदी परंपरेविषयीच्या नोंदी वाचताना त्या कोणी आणि केव्हा लिहिल्या हे पाहूनच वाचाव्यात.

या राजवटीविरुद्ध उभा राहून प्राण गमावलेला डीट्रिख बोनहोफर हाही १९२३-२४ मध्ये एक वर्ष ट्यूबिंगेनचा विद्यार्थी होता, पण त्याची जडणघडण मुख्यतः बर्लिनची.

१४. स्त्रियांना प्रवेश केव्हा मिळाला?

व्युर्टेम्बर्गमध्ये स्त्रियांना विद्यापीठात नियमित नोंदणी १९०४ पासून मिळाली; चर्चने त्यांना पाळकपद खुले केले १९६८ मध्ये. मधल्या साठहून अधिक वर्षांत धर्मविद्या शिकलेल्या स्त्रियांना शाळेत शिकवणे किंवा मर्यादित अधिकारांची सहायक पदे एवढेच मिळे.

१५. ट्यूबिंगेनचा भारताशी काही संबंध आला का? भारतातील पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी तेथलेच होते ना?

पहिले नव्हेत. १७०६ मध्ये तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडीला उतरलेला झीगेनबाल्ग हाले येथील परंपरेतला होता. ट्यूबिंगेनचा संबंध येतो तो स्वित्झर्लंडमधील बासेल मिशनमुळे. श्टिफ्टमध्ये श्ट्राउसचे विचार ऐकत वाढलेल्या पिढीतलेच हेरमान गुंडर्ट आणि हेरमान म्योग्लिंग हे दोघे १८३६ मध्ये भारतात आले. गुंडर्टने तलश्शेरीला राहून मलयाळम व्याकरण आणि १८७२ चा मलयाळम-इंग्रजी कोश केला; तो प्रश्न ४ मधील हेसेचा आजोबा. म्योग्लिंगने मंगळूरला १८४३ मध्ये कन्नडमधील पहिले वृत्तपत्र काढले, आणि कन्नड साहित्याच्या कामासाठी ट्यूबिंगेनने त्याला १८५८ मध्ये सन्मान्य डॉक्टरेट दिली. कोकणातल्या घरांवर दिसणारी मंगलोरी कौले बनवणारा पहिला कारखानाही याच मिशनने १८६५ मध्ये काढला, अर्थात त्याचे श्रेय विद्यापीठाला नाही.

संस्कृतच्या वाचकांसाठी आणखी एक धागा आहे. पीटर्सबर्ग कोशाच्या, म्हणजे मोठ्या संस्कृत-जर्मन कोशाच्या, दोन कर्त्यांपैकी रूडोल्फ रोट हा ट्यूबिंगेनमध्येच हाइनरिख एवाल्टच्या हाताखाली शिकला व तेथेच प्राध्यापक झाला. एवाल्ट मुळात हिब्रू बायबलचा पंडित. हिब्रूसाठी उभारलेल्या भाषाशिक्षणातून वेदांच्या अभ्यासाला असा हात मिळाला.

१६. मुंबई किंवा पुणे विद्यापीठात अशी विद्याशाखा का नाही?

१८५७ मध्ये स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे लंडनच्या धर्तीवर, परीक्षा घेणारी आणि धर्मशिक्षणापासून अलिप्त अशी उभारली गेली. खुद्द मिशनरी डॉ. जॉन विल्सन हे १८६८ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तरी त्यात बदल झाला नाही. त्यामुळे पाळकांचे शिक्षण सेमिनरींकडे राहिले. पुण्याच्या युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीसारख्या संस्था पदवीसाठी बंगालमधील सेरामपूरशी संलग्न असतात; सेरामपूरला पदव्या देण्याचा अधिकार डेन्मार्कच्या राजाने १८२७ च्या सनदेने दिला होता. मद्रास आणि म्हैसूर विद्यापीठांत ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाची सोय आहे, पण तेथे पाळक घडवले जात नाहीत.

१७. सरकारी प्राध्यापकाने श्रद्धाच सोडली, तर त्याची नोकरी जाते का?

या यादीतील हा सर्वांत अवघड प्रश्न. जर्मनीत धर्मविद्येचे प्राध्यापक सरकारी नोकर असतात आणि या विद्याशाखा टिकवण्याची हमी १९१९ च्या वायमार राज्यघटनेत दिली होती. नेमणूक सरकार करते, पण उमेदवाराच्या मतप्रणालीविषयी चर्चचा अभिप्राय आधी घेतला जातो. पुढे मतभेद झाल्यास नोकरी राहते, विषय मात्र जाऊ शकतो.

कॅथलिक बाजूचे उदाहरण ट्यूबिंगेनचेच आहे. पोपच्या अचूकतेवर प्रश्न उपस्थित करणाऱ्या हान्स क्युंगची अध्यापनाची चर्चमान्यता रोमने डिसेंबर १९७९ मध्ये काढून घेतली. विद्यापीठाने त्याला काढले नाही. त्याची आंतरपंथीय संशोधनसंस्था कॅथलिक विद्याशाखेपासून अलग करून तो तेथेच प्राध्यापक राहिला.

प्रॉटेस्टंट बाजूला अशी मान्यता-पद्धत नसल्याने सगळे सैल आहे असा समज होतो, तो ग्योटिंगेनच्या गेर्ड ल्युडेमान प्रकरणाने खोटा ठरला. नव्या कराराचा हा प्राध्यापक १९९८ मध्ये आपण ख्रिस्ती राहिलो नसल्याचे जाहीर करून मोकळा झाला. पाळक होणाऱ्यांच्या परीक्षा त्याने घेऊ नयेत अशी मागणी चर्चने केली आणि विद्यापीठाने त्याचे अध्यासन बदलून दुसऱ्या विषयाचे केले. तो न्यायालयात गेला. संघराज्याच्या घटनात्मक न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला तो विद्यापीठाच्या बाजूने : विद्याशाखा एका पंथाशी बांधलेली असेल तर तिची ती ओळख राखण्याचा हक्क व्यक्तीच्या अध्यापनस्वातंत्र्याला मर्यादा घालू शकतो. बाउर आज असता तर त्याचे काय झाले असते, असे काही वाचक विचारतात. बाउरने श्रद्धा सोडल्याचे कधी म्हटले नाही, म्हणून हा निकाल त्याला लागू पडला नसता.

१८. प्रॉटेस्टंट नसलेल्या विद्यार्थ्याला तेथे शिकता येते का, आणि कोणत्या भाषा लागतात?

व्याख्यानांना बसायला धर्माची अट नाही. पाळकपदाकडे नेणारी चर्चची परीक्षा मात्र चर्चच्या सभासदालाच देता येते, आणि इतर पदव्यांच्या अटी पदवीगणिक बदलतात, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी त्या त्या पदवीचे नियम स्वतंत्रपणे पाहावेत. पूर्ण अभ्यासक्रमाला हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषांच्या परीक्षा असतात, अध्यापन जर्मनमधून होते, आणि भाषांसाठीची सत्रे धरून शिक्षणाला पाच-सहा वर्षे सहज लागतात. केवळ धर्मांचा तटस्थ अभ्यास करायचा असेल त्याने धर्म-अध्ययनाचा, म्हणजे रिलिजस स्टडीजचा वेगळा अभ्यासक्रम निवडावा; तेथे प्रश्न १७ मधील बंधने येत नाहीत. ट्यूबिंगेनमध्ये २०११-१२ पासून इस्लामी धर्मविद्येचेही केंद्र आहे आणि त्याचीही रचना पंथाशी बांधलेली असल्याने तेथील नेमणुकांत मुस्लिम प्रतिनिधींचे मत घेतले जाते.